चुकलेल्या उत्तरांचा अभ्यासक

डी.एड., बी.एड. करणाऱ्यांनी ज्याँ पियाजे हे नाव परीक्षेपुरते तरी पाठ केलेले असते. गंमत म्हणजे 1896 मध्ये स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे जन्मलेल्या या माणसाने डॉक्टरेट मिळवली ती गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांवर!

1919 मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे शाळकरी मुलांवर तर्कशक्तीच्या चाचण्या घेण्याचे काम मिळाले. बरोबर उत्तरे मोजायची, चुकलेली सोडून द्यायची. पियाजेंचे लक्ष मात्र चुकांवरच खिळले. एका वयाची मुले साधारण एकाच तऱ्हेने चुकत होती. मूल कमी विचार करत नाही, वेगळा विचार करते, हे त्यांनी ताडले. त्याच काळात अमेरिकेत वर्तनवाद्यांचा जोर वाढत होता. बाहेर दिसते तेवढेच मोजा, मनात शिरू नका, असा त्यांचा आग्रह. पियाजे नेमके मनात शिरले. पुढे बहरलेल्या बोधनिक मानसशास्त्राच्या पायाभरणीत या कामाचा मोठा वाटा आहे.

जिनिव्हात स्थिरावल्यावर जॅकलिन, ल्युसियेन आणि लॉराँ या स्वतःच्याच तीन मुलांचे त्यांनी बारकाईने निरीक्षण केले. खेळणे फडक्याखाली झाकले की सहा महिन्यांचे बाळ ते शोधत नाही. यावरून पियाजेंनी अनुमान काढले, की दिसेनाशी झालेली वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही.

इथेच या पद्धतीची दुबळी बाजू दिसते. मनातले थेट दिसत नाही, वागण्यावरून ओळखावे लागते. आणि शोधले नाही म्हणजे कळले नाही, असे थोडेच असते? बाळाचे हात अजून तयार नसतील. पियाजे 1980 मध्ये वारले. त्यानंतर पाच वर्षांनी रेने बायार्जों आणि सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना काही शोधायला न लावता त्यांची नजर फक्त मोजली. एक फळी मागच्या ठोकळ्याला झाकत उलटी पडत गेली आणि जणू त्याच्या आरपार गेली. हे अशक्य दृश्य बाळे जास्त वेळ बघत राहिली. झाकलेल्या ठोकळ्याचे भान त्यांना असावे.

आजही विकासतपासणीत खेळणे फडक्याखाली लपवून पाहतात. दहा महिन्यांच्या बाळाने ते शोधले नाही, तर आई-वडिलांचा चेहरा उतरतो. पण तेवढ्यावरून बुद्धीचा निवाडा करता येत नाही. दृष्टी, हातांची ताकद, अपुरी झोप, परक्या माणसाची भीती, हे सगळे आधी पाहावे लागते.