फादर स्टीफन्स आणि प्रायश्चित्ताचे पुराण

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात इ. स. १५४९ च्या सुमारास जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये येशूसंघात दाखल झाले. एलिझाबेथ राणीच्या राज्यात कॅथलिक धर्मोपदेशकाला थारा नव्हता; पूर्वेची वाट मात्र पोर्तुगीज जहाजांनी खुली केली होती. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बन सोडून ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पुढील सुमारे चाळीस वर्षांच्या त्यांच्या कार्याचे मुख्य क्षेत्र साष्टी हे होय.

साष्टीतील देवळे पोर्तुगीजांनी १५६७ मध्येच पाडली होती. जुलै १५८३ मध्ये रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सहकारी चर्च उभारण्याच्या हेतूने कुंकळ्ळीस गेले असता ग्रामस्थांनी त्यांना ठार केले. त्यांचे देह मिळवून त्यांच्या दफनाची व्यवस्था स्टीफन्स यांनी केली. पुढे कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळणे येथे बोलावून पोर्तुगीजांनी त्यांचा वध केला. चर्चच्या इतिहासात पहिल्या पाचांना हुतात्म्यांचे स्थान मिळाले, गावाच्या स्मृतीत दुसऱ्यांना. स्टीफन्स यांच्या चरित्रकाराला यांपैकी एकच बाजू सांगून भागत नाही.

या घटनेनंतर ३३ वर्षांनी, १६१६ मध्ये, राचोल येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले; देवनागरी खिळ्यांच्या अभावी रोमन लिपीत. जवळजवळ ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती, आदामाचे पतन आणि तारकाची प्रदीर्घ प्रतीक्षा आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथकर्त्यापुढील खरी अडचण भाषेची नव्हती. प्रायश्चित्त ही कल्पना साष्टीतील श्रोत्यांच्या परिचयाची होती. परंतु कृच्छ्र असो वा चांद्रायण, ते ज्याचे त्याने करावयाचे, आणि कर्माचे फळही ज्याचे त्याने भोगावयाचे. एकाच्या पापाने सर्व मानवजात दोषी ठरावी व निर्दोष दुसऱ्याच्या रक्ताने ती शुद्ध व्हावी, ही दोन्ही विधाने त्या चौकटीत बसणारी नव्हती. अकराव्या शतकात अँसेल्मने त्यांची उपपत्ती मांडली होती : ऋण मानवाचे, ते फेडण्याचे सामर्थ्य केवळ ईश्वराचे, म्हणून ईश्वरालाच मानव व्हावे लागले. स्टीफन्स यांनी या तर्काला कथेचे रूप दिले. पहिल्या पुराणाचा विस्तार काहींना कंटाळवाणा वाटतो. परंतु पिढ्यानपिढ्या न फिटलेल्या ऋणाचे ओझे श्रोत्याला जाणवल्याखेरीज दुसऱ्या पुराणातील क्रूसाला अर्थ येत नाही. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजताना ते कचरले नाहीत. ‘मुक्ती’ हा शब्दही त्यांनी ठेवला. मात्र ती जन्ममरणाच्या फेऱ्यातून नव्हे, पापातून. शब्द तोच राहिला, आशय पालटला.

१६१९ साली गोव्यातच त्यांचे निधन झाले. पुराणाच्या १६४९ व १६५४ मध्ये आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आढळलेली नाही. जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे प्रसिद्ध केलेली आवृत्ती हस्तलिखितांवरूनच सिद्ध झाली.