पक्ष्याच्या पायातले कडे आणि माकडताप

दिवाळीच्या आसपास पेठ वडगावच्या शिवारात, नुकतेच पाणी पाजलेल्या उसाच्या सरीतून शेपटी वरखाली हलवत तुरुतुरु चालणारा धोबी दिसू लागतो. हिमालय आणि त्यापलीकडच्या मध्य आशियातून तो येतो, हिवाळा इथे काढतो आणि उन्हाचा कडाका वाढला की परत फिरतो. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्यातला शेवटचा दिवस म्हणजे डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. पक्ष्यांवर पुस्तके लिहिणारा माणूस, एवढीच त्यांची ओळख बहुतेकांना असते. एका जीवघेण्या तापाचे मूळ शोधण्याच्या कामातही ते होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

सलीम अली १८९६ साली मुंबईत जन्मले. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी भावंडांना वाढवले. लहानपणी सलीमना डोकेदुखीचा जुनाट त्रास होता. शाळा सारखी बुडायची. कोरडी हवा मानवेल म्हणून त्यांना सिंधमधल्या नातेवाइकांकडे पाठवले गेले. १९१३ मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. हुशार विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव कोणी घेतले नसते.

त्याआधी एक गोष्ट घडली होती. मामांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका. ही कुठली चिमणी, हे घरात कोणाला सांगता येईना. मामांच्या ओळखीने हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड साहेबांकडे गेला. त्यांनी कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले. मुलगा तिथलाच झाला.

पुढचा रस्ता सरळ नव्हता. ब्रह्मदेशात कुटुंबाच्या धंद्यात वर्षे गेली. १९१८ मध्ये तहमिना यांच्याशी लग्न झाले. मुंबईच्या संग्रहालयात मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली, तिच्यातून रजा घेऊन १९२९ मध्ये ते बर्लिनला एर्विन श्ट्रेझेमान यांच्याकडे शिकायला गेले. उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावरच्या पक्षी केंद्रात त्यांनी स्थलांतरी पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे काम पाहिले आणि शिकले. परत आले तर पैशाअभावी ती नोकरीच बंद झालेली. मग मुक्काम अलिबागजवळच्या किहीमला. तिथे बेकारीच्या दिवसांत त्यांनी सुगरणीची घरटी महिनोन्महिने पाहिली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तरच संसार मांडते. मग नर दुसरे घरटे सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३९ मध्ये एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमिना गेल्या. त्यानंतर त्यांनी दुसरे लग्न केले नाही.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. पाठोपाठ जंगलात लाकूडफाट्याला, गुरांमागे जाणारी माणसे तापाने फणफणली. काहींना रक्तस्राव झाला, काही दगावली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला. तो गोचिडांमार्फत पसरत होता. चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच होती: रशियात गोचिडांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंशी त्याचे जवळचे नाते निघाले. हजारो किलोमीटर दूरचे हे घराणे सह्याद्रीच्या जंगलात आले कसे? साहजिकच बोट हिवाळी पाहुण्यांकडे गेले. सायबेरियाकडून येणाऱ्या पक्ष्याच्या पिसांत एखादी गोचीड अडकून आली असेल तर?

तर्क बिनतोड वाटला तरी तपासल्याशिवाय खरा मानता येत नाही, आणि तपासायचा तर कोणता पक्षी कुठून येतो, हे आधी कळायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५९ मध्ये सोसायटीने कडी घालण्याची मोहीम हाती घेतली. तेव्हा सलीम अली त्रेसष्टीत होते. त्या वयात माणसे आरामखुर्ची शोधतात. कच्छ, भरतपूर अशा ठिकाणी पक्षी जाळ्यात धरायचे, पायात क्रमांकाचे हलके कडे चढवायचे, अंगावरच्या गोचिडा गोळा करायच्या, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि सोडून द्यायचे. यातली बरीचशी कडी पुन्हा कधी कोणाच्या हाती लागत नाहीत. पण काही थेट सोव्हिएत संघातून कळवली गेली, आणि आपल्याकडच्या बदकांचे उन्हाळ्याचे पत्ते पुराव्यानिशी मिळाले.

पुढे याच कामाला अमेरिकी लष्कराशी संबंधित पैसा मिळाला, त्यावरून १९७० च्या दशकात गदारोळ झाला. जैविक युद्धाची तयारी चालल्याचा आरोप झाला, सलीम अलींनी तो फेटाळला. पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारणे गैर नव्हते. पण त्या गोंधळात कामाचे मोल झाकले गेले.

पक्ष्यांनी रशियातून माकडताप आणला, याला मात्र आधार मिळाला नाही. पुढे जनुकीय अभ्यासात या विषाणूचा सर्वांत जवळचा भाऊबंद सौदी अरेबियात सापडला. रोगाचे मूळ शोधताना एक वाट बंद झाली, हाही निकालच होता.

सलीम अली १९८७ च्या जूनमध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेले. माकडताप गेलेला नाही. २०१६ मध्ये तो कोल्हापूरला लागून असलेल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात पसरला. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. त्या भागात जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, घरी येताच गोचिडा पाहून अंघोळ करावी, मेलेल्या माकडाला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे. आणि एखाद्या तळ्याकाठी पायात कडे असलेला पक्षी दिसला, तर त्याला न पकडता फोटो काढावा, क्रमांक वाचता आला तर तारीख आणि जागेसह मुंबईच्या सोसायटीला कळवावा.