मार्कोनी आणि भूमी

गुग्लिएल्मो मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या नगरात झाला. तारेवाचून संदेश धाडण्याचा ध्यास त्यांना तरुणपणीच लागला. परंतु आरंभी त्यांचे संदेश थोड्याच अंतरावर विरून जात. १८९५ साली त्यांनी यंत्राचे एक टोक उंच बांधले व दुसरे जमिनीत पुरले. टेकडीपलीकडे त्यांचा भाऊ बंदूक घेऊन उभा होता. संदेश पोहोचला आणि बंदुकीचा बार झाला! आकाशातील तारेला भूमीने साहाय्य केले होते.

सर्वच भूमी मात्र सारखी नसते. वऱ्हाडात रिद्धपूरच्या शिवारातील काळी, ओली माती विजेला सुलभ वाट देते. कोरडा खडक तशी देत नाही. तेथे एरियलखाली तांब्याच्या तारा पुराव्या लागतात.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींनी अटलांटिकपार संदेश ऐकला. १९०९ साली त्यांना ब्राउन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभले. २० जुलै १९३७ रोजी ते निवर्तले, तेव्हा अनेक देशांतील बिनतारी केंद्रे त्यांच्या सन्मानार्थ दोन मिनिटे स्तब्ध राहिली.