डेनिस रिची : स्वतःच्या चुका छापणारा संगणकतज्ज्ञ

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात, नागझिरा अभयारण्याच्या कडेला चोरखमारा हे गाव आहे. १९२३ सालचे मातीचे धरण, त्यामागे पसरलेला तलाव आणि जंगलात शिरण्याचे एक प्रवेशद्वार, एवढीच या गावाची बाहेरच्या जगाला ओळख. मात्र या गावाचे नाव संगणकात देवनागरीत लिहिले आणि त्याची लांबी विचारली, तर उत्तरे वेगवेगळी येतात. आपल्या डोळ्यांना दिसतात पाच अक्षरे : चो, र, ख, मा, रा. युनिकोडच्या हिशेबात काना-मात्रा स्वतंत्र धरल्या जातात, म्हणून ती होतात आठ. आणि संगणकाच्या स्मृतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेत असल्याने हाच आकडा चोवीसवर जातो.

हा नुसता गमतीचा हिशेब नाही. मजकुराचा ठरावीक भाग कापून देणारी ‘कट’ नावाची एक छोटी आज्ञावली लिनक्सवर असते. तिच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या ग्नू आवृत्तीत ‘अक्षर’ म्हणजे ‘बाइट’ असेच दीर्घकाळ मानले गेले. इंग्रजीत दोन्ही एकच असल्याने कोणाचे काही बिघडले नाही. पण या आज्ञावलीकडे चोरखमारा या नावाची पहिली पाच अक्षरे मागितली, तर ‘च’ आणि त्यापुढे एक मोडके चिन्ह मिळते. नऊ मागितली तर मिळते ‘चोर’! एखाद्या यादीत रकाना अपुरा ठेवला गेला आणि गावाच्या नावाच्या जागी हा शब्द उमटला, तर त्या गावच्या माणसाने दाद कोणाकडे मागायची?

मुक्तस्रोत संगणकप्रणालींच्या जगात या प्रश्नाला उत्तर आहे. तेथे आज्ञावलीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो, दोष नोंदविण्याची जागा खुली असते आणि दुरुस्ती सुचविण्याचा अधिकारही कोणालाही असतो. ही रीत एका दिवसात रुजलेली नाही. तिच्या मुळाशी जी थोडी माणसे आहेत, त्यांत डेनिस रिची यांचे नाव अग्रभागी येते.

डेनिस मॅकअलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ब्राँक्सव्हिल येथे झाला. योगायोग असा, की ते सहा वर्षांचे झाले त्याच दिवशी, ९ सप्टेंबर १९४७ रोजी, हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अवाढव्य गणनयंत्रात अडकलेला पतंग तंत्रज्ञांनी बाहेर काढला आणि नोंदवहीच्या पानावर चिकटवून ठेवला. यंत्रातील दोषाला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणण्याची पद्धत त्याआधीचीच होती. पण खरोखरीचा किडा नोंदवहीत जाण्याचा तो प्रसंग संगणकाच्या इतिहासात अमर झाला.

वडील ॲलिस्टर रिची हे बेल लॅबोरेटरीजमधील शास्त्रज्ञ. दूरध्वनी केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवरील एका मान्यवर ग्रंथाचे ते सहलेखक होते. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सीतील समिट या गावी गेले. हार्वर्डमधून त्यांनी १९६३ साली भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे तेथेच उपयोजित गणितात संशोधन केले. १९६८ साली प्रबंध लिहून तयार झाला. पण त्याची बांधीव प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करण्याचे राहून गेले आणि डॉक्टरेट पदवी त्यांना कधीच मिळाली नाही. ज्याच्या कामावर पुढे असंख्य लोकांनी डॉक्टरेट मिळविल्या, तो स्वतः मात्र ‘डॉक्टर’ नव्हता. त्याची खंत त्यांनी बाळगल्याचे दिसत नाही.

१९६७ साली ते वडिलांच्याच संस्थेत, न्यू जर्सीतील मरे हिल येथील बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाले. त्या वेळी एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज मिळून ‘मल्टिक्स’ नावाची महत्त्वाकांक्षी संगणकप्रणाली उभारत होत्या. काम लांबत गेले, खर्च वाढत गेला आणि १९६९ साली बेलने त्यातून अंग काढून घेतले. हाती उरले ते काही हिरमुसलेले संशोधक. त्यांपैकी केन थॉम्प्सन यांनी त्याच उन्हाळ्यात एका फारशा न वापरल्या जाणाऱ्या पीडीपी-७ संगणकावर लहानशी प्रणाली लिहून काढली. रिची त्यांच्या जोडीला होते. पुढे तिला ‘युनिक्स’ हे नाव पडले.

या जोडीचा विचार साधा होता. एकच अजस्र आज्ञावली सगळे काही करील, अशी अपेक्षा न धरता एकेक काम चोख करणाऱ्या छोट्या आज्ञावली लिहाव्यात. आणि गरजेप्रमाणे त्या एकमेकींना जोडाव्यात. यादी दाखविणारी एक, नक्कल करणारी दुसरी, शब्द मोजणारी तिसरी. सुताराच्या पेटीत करवत, रंधा, पटाशी वेगवेगळी असावी, तसेच हे. त्याचा एक फायदा असा, की बिघाड झाला तर तो कोणत्या हत्यारात आहे, हे शोधणे सोपे जाते. साखळीतील एकेक कडी सुटी करून तपासता येते.

३ नोव्हेंबर १९७१ रोजी या प्रणालीची पहिली मार्गदर्शिका थॉम्प्सन आणि रिची यांच्या नावाने तयार झाली. तिची मांडणी आजही लिनक्सच्या मदतपृष्ठांवर दिसते. प्रथम आज्ञावलीचे नाव, मग ती वापरण्याची रीत, मग वर्णन. आणि अखेरीस एक मथळा असे : ‘बग्ज’. आपल्या आज्ञावलीत आपल्याला ठाऊक असलेले दोष कर्त्यांनी तेथे स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. आपल्याकडे उपकरणासोबत येणाऱ्या माहितीपुस्तिका आठवून पाहाव्यात. त्यांत गुणांची जंत्री असते, दोषांचे पान कधी नसते. येथे ते नियमाने होते.

त्यातील एक नोंद तर विलक्षण आहे. युनिक्समध्ये त्या वेळी काळ मोजला जाई तो १ जानेवारी १९७१ पासून, सेकंदाच्या साठाव्या भागांत. तो आकडा साठविण्यासाठी बत्तीस बिटांची जागा होती. ती भरायला अडीच वर्षेसुद्धा लागणार नव्हती, आणि ही गोष्ट मार्गदर्शिकेच्या त्या पानावर, दोषांच्या मथळ्याखाली, मिश्कीलपणे नमूद केलेली होती. पुढे मोजमाप पूर्ण सेकंदांत आले आणि आरंभ १ जानेवारी १९७० हा ठरला. दोष आधीच उघड असल्याने दुरुस्तीची वाट मोकळी होती.

रिची यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘सी’ ही संगणकभाषा. थॉम्प्सन यांच्या ‘बी’ या भाषेत भर घालत त्यांनी ती १९७२ च्या सुमारास आकाराला आणली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. तोवर अशा प्रणाली प्रायः त्या त्या यंत्राच्या भाषेतच लिहिल्या जात; यंत्र बदलले की सगळे काम वाया. ‘सी’मुळे युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागले. तितकीच महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रणालीचा मजकूर आता माणसाला वाचता येऊ लागला. आणि जे वाचता येते, त्यातली चूक दाखविताही येते.

जुलै १९७४ मध्ये युनिक्सवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि विद्यापीठांतून मागणी सुरू झाली. बेलची मालक कंपनी एटी अँड टी १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीने बांधलेली होती. दूरध्वनीबाहेरच्या व्यवसायात तिला उतरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, मूळ मजकुरासह मिळे. पण दुरुस्तीची कोणतीही हमी नसे. या अडचणीतूनच एक नवी रीत जन्मली. तक्रार ऐकायला कोणी नाही, म्हणून वापरणाऱ्यांनीच दोष शोधले, दुरुस्त केले आणि एकमेकांना कळविले. थॉम्प्सन यांनी जमविलेल्या पन्नासेक दुरुस्त्या वकिलांच्या आक्षेपामुळे अधिकृतपणे वाटता येईनात, तेव्हा त्यांची चुंबकीय फीत मरे हिलच्या रस्त्याकडेला कोणाला तरी ‘सापडली’, अशी आख्यायिका जुने लोक सांगतात. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी युनिक्सच्या मजकुरावर लिहिलेली टीका पुढे निर्बंधांमुळे छापता येईना. ती वर्षानुवर्षे छायाप्रतींच्या रूपाने हातोहात फिरली आणि १९९६ साली रीतसर प्रकाशित झाली.

रिची यांचा स्वभाव या सगळ्याशी सुसंगत होता. ब्रायन कर्निघन यांच्यासह १९७८ साली लिहिलेले ‘सी’वरील त्यांचे पुस्तक जगभरच्या विद्यार्थ्यांनी वापरले. परंतु आपल्या भाषेतील त्रुटींवर बोलायला ते कचरत नसत. ‘सी’मधील काही चिन्हांचा अग्रक्रम चुकला आहे आणि तो आपणच चुकविला आहे, हे त्यांनी भाषेच्या इतिहासावरील १९९३ च्या निबंधात सांगितले. चूक लक्षात आली तेव्हा बऱ्याच आज्ञावली लिहून झाल्या होत्या, त्या मोडू नयेत म्हणून ती तशीच राहू दिली गेली. युनिक्सच्या सुरक्षिततेवर लिहितानाही प्रारंभी सुरक्षिततेचा विचार केंद्रस्थानी नव्हता, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. आपल्या कार्यालयांतून चूक कबूल करणे म्हणजे बढती गमावणे, असे समीकरण असते. रिची यांचे स्थान मात्र अशा कबुलीने वाढतच गेले.

१९८३ साली थॉम्प्सन यांच्यासह त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली : युनिक्ससारखी, पण सर्वस्वी मुक्त प्रणाली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांचा लिनक्स गाभा त्याला येऊन मिळाला. रिची यांचा मजकूर त्यात नव्हता. रिची यांची रीत होती. छोटी हत्यारे, वाचता येणारा मजकूर आणि उघड्यावर मांडलेले दोष.

या रीतीत दोष कळविणे हेही एक कसब मानले जाते. चालत नाही, एवढे सांगून भागत नाही. चोरखमाऱ्याचेच उदाहरण घेऊ. कोणती आज्ञा दिली, कोणता मजकूर दिला, काय मिळाले, काय मिळायला हवे होते, प्रणालीची आणि आज्ञावलीची आवृत्ती कोणती, भाषेची मांडणी कोणती, हे सारे लिहावे लागते. मोठ्या यादीऐवजी एकाच शब्दावर दोष दाखविता आला तर उत्तम. दुसऱ्या माणसाला स्वतःच्या यंत्रावर तोच दोष पुन्हा घडविता आला पाहिजे. त्यासाठी आधी मार्गदर्शिकेतील ते जुने पान वाचावे. कदाचित कर्त्यानेच तो दोष तेथे मान्य केलेला असतो. तलावाच्या पाळीतून पाणी झिरपताना प्रथम दिसते ते अभियंत्याला नव्हे, कडेने गुरे नेणाऱ्याला. त्याने नेमकी जागा दाखविली, तर निम्मे काम होते. देवनागरीतला दोष न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला दिसणार नाही. तो मराठी लिहिणाऱ्यालाच दिसणार. पुण्यातील रेड हॅटच्या केंद्रात भारतीय लिपींच्या मुक्त टंकांवर झालेले काम याच जाणिवेतून उभे राहिले.

देवनागरी आज संगणकावर सुखाने नांदते त्यातही रिची यांच्या परिवाराचा वाटा आहे. १९९२ साली थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती बेल लॅबोरेटरीजमध्येच तयार केली. जगातील सर्व लिपी एकाच मजकुरात नांदू शकतात त्या तिच्यामुळे. आणि चोरखमाऱ्याचे चोवीस बाइट होतात तेही तिच्यामुळेच.

रिची २००७ साली निवृत्त झाले. ते अविवाहित होते. २०११ साली थॉम्प्सन यांच्यासह त्यांना जपान पारितोषिक लाभले. १२ ऑक्टोबर २०११ रोजी बर्कले हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. एकटेच राहत असल्याने मृत्यूचा नेमका क्षण कोणालाच ठाऊक नाही. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते आणि सारी वृत्तपत्रे त्या शोकाने भरली होती. जॉब्स यांच्या यंत्रांतील प्रणालीही युनिक्सच्याच वंशातली होती. पण रिची यांच्या जाण्याची बातमी फारच थोड्यांपर्यंत पोहोचली. पुढच्याच महिन्यात आलेली ‘फेडोरा’ या लिनक्स प्रणालीची सोळावी आवृत्ती त्यांच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली.

त्यांच्या काळातील एक दोष मात्र अजून पुरता निस्तरलेला नाही. १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणारी यंत्रे १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी शेवटच्या आकड्यावर पोहोचतील आणि पुढच्या सेकंदाला त्यांना डिसेंबर १९०१ दिसू लागेल. २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यात आणि २०२५ च्या डेबियन आवृत्तीत यावरील मोठी दुरुस्ती झाली आहे. जुन्या उपकरणांच्या पोटात दडलेली मोजमापे शोधण्याचे काम चालू आहे. १९७१ च्या त्या पानावर अडीच वर्षांची मुदत लिहून ठेवणाऱ्यांनी घालून दिलेल्या रीतीनेच ते चालू आहे : दोष दिसला की लिहायचा, सर्वांना दिसेल असा लिहायचा आणि मग दुरुस्तीला बसायचे.