शारदेच्या अंगणातील एक परदेशी शिक्षिका

काल खंडेनवमीला वागळे इस्टेटीतील कारखान्यांत यंत्रांना झेंडूच्या माळा चढल्या. आज विजयादशमीला घरोघरी मुले पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखून तिला हळदकुंकू वाहतील. त्या पूजेत मुलाच्या पाटीशेजारी मुलीचीही पाटी असते, याचे आज कोणास नवल वाटत नाही. दोनशे वर्षांपूर्वी मात्र ज्या घरांत शारदेची भक्तिभावाने पूजा होई, त्याच घरांतील लेकींच्या हाती पाटी क्वचितच दिसे. म्हणूनच आजच्या दिवशी आम्हांस मिस सिंथिया फॅरार या अमेरिकन शिक्षिकेचे स्मरण होते.

अमेरिकेतील न्यू हँपशायर प्रांतात १७९५ साली त्यांचा जन्म झाला. १८२७ च्या अखेरीस, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्या अमेरिकन मिशनतर्फे मुंबईस आल्या. अविवाहित स्त्रीने शिक्षिका म्हणून सातासमुद्रापार जावे, हे त्या काळी त्यांच्या देशातही विरळाच होते. येथे त्या मराठी शिकल्या आणि मिशनच्या मुलींच्या शाळांची देखरेख पाहू लागल्या. काम सोपे नव्हते. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत घट्ट रुजलेली होती. लहान वयात लग्न झाले की अक्षरे नुकती जुळू लागलेली मुलगी शाळेतून नाहीशी होई, आणि बाईंना पुन्हा नव्या मुलींपासून आरंभ करावा लागे.

त्या स्वधर्माच्या प्रसारासाठी आल्या होत्या, हे झाकण्याचे कारण नाही. आपली मुलगी परधर्मात जाईल ही आईबापांची धास्तीही खोटी नव्हती. धर्मांतराची वार्ता उठली की शाळा ओस पडत. त्या काळच्या गृहस्थांना आम्ही दोष देणार नाही. परंतु ज्या विद्येला आपण देवता मानतो, ती मुलींना देण्यासाठी परकीय बाईंना यावे लागले, ही गोष्ट मनाला लागते खरी.

प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये त्या मायदेशी गेल्या. तिथेच राहिल्या असत्या तर कोणी बोल लावला नसता. पण १८३९ मध्ये त्या परतल्या, आणि त्यांनी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही आपली कर्मभूमी केली. जोतीराव फुले आपले स्नेही सदाशिवराव गोवंडे यांच्यासमवेत नगरला गेले असता त्यांनी मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. तो प्रभाव घेऊन ते पुण्यास परतले आणि १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला मिस फॅरार यांच्याकडे घेतले, असे चरित्रकार सांगतात. शिकविणाऱ्या बाई आपल्याच समाजातील निघाल्यावर आईबापांची एक मोठी धास्ती ओसरली. विरोध मात्र ओसरला नाही, आणि तो सावित्रीबाईंनी कसा सोसला हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

जानेवारी १८६२ मध्ये नगर येथेच मिस फॅरार यांचे देहावसान झाले. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, औद्योगिक विकास महामंडळाच्या कार्याचा आरंभ वागळे इस्टेटीत झाला. तेथील हजेरीपटांवर आज कितीतरी लेकीसुना स्वतःच्या हाताने सही करतात.