डब्यावर १००० वॅट, मग गाडीत वाजतात किती? उत्तर शोधणाऱ्या मास्तरने नोकरी सोडली होती

गाडीला अँप्लिफायर बसवायचा म्हणून दुकानात गेलात की डब्यावर मोठ्ठा आकडा दिसतो. १००० वॅट. खाली बारीक अक्षरात ४ ओहमला इतके, २ ओहमला तितके. दुकानदार सांगतो, ओहम निम्मे केले की वॅट डबल.

कागदावर बरोबर आहे. गाडीत मात्र तसं होत नाही.

का होत नाही? त्यासाठी ज्याच्या नावाने हा ओहम आहे, त्या माणसाकडे जावं लागतं. कारण त्याचा पहिला प्रयोग नेमका याच ठिकाणी फसला होता.

जॉर्ज सायमन ओहम. जन्म १६ मार्च १७८९, आजच्या जर्मनीतल्या एर्लांगेन गावात. वडील कुलपं बनवायचे. शाळेत फारसे गेले नव्हते, पण स्वतः गणित शिकले आणि पोरांनाही शिकवलं. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

१८०५ मध्ये पोरगं कॉलेजला गेलं आणि नाच, स्केटिंग, बिलियर्ड्स यात रमलं. वडील भडकले. कॉलेज सुटलं आणि १८०६ मध्ये स्वारी स्वित्झर्लंडच्या एका शाळेत गणित शिकवायला लागली. परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली, पण विद्यापीठात पोट भरेना. पुन्हा शाळामास्तर.

१८१७ मध्ये कोलोनच्या शाळेत नोकरी लागली आणि नशीब उघडलं. तिथे चांगली प्रयोगशाळा होती. तारेची लांबी वाढवली की करंट किती कमी होतो, हे ओहम मोजायला लागला.

पण १८२५ मध्ये त्याने काढलेलं सूत्र चुकलं. तेव्हाच्या बॅटऱ्या लोड पडला की ढेपाळायच्या. व्होल्टेजच जागेवर राहत नसेल तर हिशोब जुळणार कसा?

मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याने बॅटरी बाजूला ठेवली. दोन धातूंचे जोड घेतले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात. तापमान ठरलेलं म्हणून व्होल्टेजही ठरलेलं. १८२६ मध्ये आकडे जुळले. व्होल्टेज कायम असेल तर रोध निम्मा केल्यावर करंट दुप्पट. हाच ओहमचा नियम.

आता गाडीत या.

इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट असतात. साध्या कारस्टिरिओला ते वाढवता येत नाहीत. त्यामुळे ४ ओहमच्या स्पीकरला त्यातून जास्तीत जास्त २६ वॅट स्वच्छ मिळतात, प्रत्यक्षात २० च्या आसपास. तरी डब्यावर ५० वॅट गुणिले ४ छापलेलं असतं.

वेगळा अँप आतमध्ये व्होल्टेज वाढवून घेतो, म्हणून तो जास्त वाजतो. त्याला २ ओहमचा लोड दिला की करंट दुप्पट होऊ पाहतो. पण वायर तापते, बॅटरीचं व्होल्टेज पडतं, अँपचा सप्लायही खाली बसतो. म्हणून डबल ऐवजी बऱ्याचदा दीडपट, कधी त्याहून थोडे जास्त वॅट मिळतात. अँप २ ओहमसाठी बनवलेला नसेल तर तो बंद पडतो किंवा जळतो.

आणि स्पीकरवरचे ४ ओहम म्हणजे नुसता रोध नाही, तो इम्पिडन्स आहे. गाण्यातली फ्रिक्वेन्सी बदलली की तो वरखाली होतो. त्यामुळे वॅटही सतत बदलतात.

ओहमचं पुढे काय झालं?

अर्ध्या पगारावर रजा काढून तो बर्लिनला भावाकडे राहिला आणि १८२७ मध्ये पुस्तक छापलं. वाटलं होतं, आता विद्यापीठात जागा मिळेल. झालं उलटं. विजेला गणितात बसवणं तिथल्या बऱ्याच लोकांना पटलंच नाही. १८२८ मध्ये त्याने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेम्बर्गला धड नोकरी मिळाली.

दाद आली ती लंडनहून. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली मेडल दिलं. १८४३ मध्ये त्याने आवाजावरही काम केलं. कान मिश्र आवाजातले साधे सूर वेगळे करून ऐकतो, असं त्याने मांडलं. म्हणजे ऑडिओवाल्यांचा तो दुहेरी गुरू.

म्युनिक विद्यापीठाचं प्राध्यापकपद मिळालं १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ ला तो गेला. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककाला त्याचं नाव मिळालं.

तर पुढच्या वेळी डब्याऐवजी अँपचा फ्यूज बघा. ३० अँपिअरचा फ्यूज गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे आत जाणारेच ४३२ वॅट. एबी क्लासचा अँप त्यातले साधारण ६० टक्के बाहेर देतो, म्हणजे २६० च्या आसपास. मग सलग १००० वॅट येणार कुठून?

हा हिशोब दुकानात उभ्याउभ्या करता येतो. तो ज्याच्या नियमामुळे करता येतो, त्या मास्तरने कोलोनची नोकरी सोडली होती.