कुबड्या घेऊन के-टूच्या पायथ्याशी चालत गेलेली इंजिनियर

गोष्ट आहे १९६१ ची. पोलंडमध्ये इंजिनियरिंगला असलेल्या एका पोरीची मोटरसायकल पेट्रोल संपून रस्त्यातच बंद पडली. मदतीला जे थांबले त्यांच्यात एक गिर्यारोहक होता. ओळख झाली आणि काही दिवसांतच ती सोकोलिकीच्या कातळांवर दोर बांधून चढायला लागली.

तिचं नाव वांडा रुटकिएविच.

जन्म १९४३ चा, लिथुआनियातला. युद्धानंतर कुटुंब पोलंडमध्ये आलं. मोठा भाऊ लहानपणीच गेला, युद्धात न फुटलेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात. वांडा इलेक्ट्रिकल इंजिनियर झाली, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या संस्थेत नोकरीला लागली. पण जीव डोंगरातच.

१६ ऑक्टोबर १९७८ ला ती एव्हरेस्टवर पोचली. तिथे पोचलेली ती युरोपातली पहिली बाई, आणि पोलंडच्या पुरुषांतलंही तोवर कुणी पोचलं नव्हतं. योगायोग बघा, नेमक्या त्याच दिवशी पोलंडचे कार्डिनल वॉयतिवा पोप झाले!

तिचा हट्ट एकच होता. बायकांनी पुरुषांच्या दोराला लटकून नाही, स्वतःच्या हिमतीवर चढायचं. १९८१ ला एल्ब्रुसवर तिच्या मांडीचं हाड मोडलं. तरी पुढच्या वर्षी बायकांची टीम घेऊन ती के-टूला निघाली, कुबड्यांवर. बाल्टोरो हिमनदीवरून शंभरावर किलोमीटरची वाट, वाटेत काही ठिकाणी सोबत्यांनी तिला उचलून नेलं. त्या मोहिमेत शिखर मिळालं नाहीच, उलट हालिना क्रूगर ही सहकारी दगावली. २३ जून १९८६ ला मात्र ती ऑक्सिजन सिलिंडरशिवाय के-टूवर पोचली. जगातली पहिली बाई. उतरताना तिच्याच टीममधलं बारार जोडपं गेलं. त्या एका उन्हाळ्यात के-टूवर १३ जीव गेले.

मग तिच्यातल्या इंजिनियरने एक गणित मांडलं. आठ हजार मीटरवरची शिखरं चौदा. १९९० पर्यंत तिची सहा झाली होती. उरलेली आठ साधारण वर्षभरात संपवायची! विरळ हवेची शरीराला सवय व्हायला काही आठवडे लागतात, मग एकदा ती झाली की घरी परतायचंच कशाला, थेट पुढच्या शिखराला जायचं. कागदावर हे बरोबर होतं. पण शरीर थकतं, आणि ते मोडलेला पाय असलेलं अठ्ठेचाळीस वर्षांचं शरीर होतं, हे त्या गणितात बसत नव्हतं.

१९९१ मध्ये चो ओयू झालं. महिन्याभरात अन्नपूर्णा, तेही एकटीने. त्यावर काही गिर्यारोहकांनी शंका घेतली आणि शिखर गाठल्याचा पुरावा तिला द्यावा लागला. शेवटी चढाई मान्य झाली, पण हे तिला लागलं.

मे १९९२, कांचनजुंगा. मेक्सिकोचा कार्लोस कार्सोलियो शिखर करून उतरत होता. ८२०० मीटरच्या वर त्याला वांडा भेटली. सोबत स्टोव्ह नाही, स्लीपिंग बॅग नाही. तो खाली निघाला, तिने रात्र तिथेच काढून सकाळी वर जायचं ठरवलं. कार्सोलियोने खालच्या कॅम्पवर वाट पाहिली. ती आली नाही.

ती माथ्यावर पोचली होती का, हे कुणालाच कळलं नाही. कांचनजुंगावर बाई पोचल्याची पहिली नोंद झाली १९९८ ला, ब्रिटनच्या जिनेट हॅरिसनच्या नावावर. वांडाच्या आईने मात्र लेक गेली हे कधी मानलंच नाही.